नवऱ्याशेजारची जागा

“मी मेले की मला पुरू नका, जाळा,” असं मी जेवताना म्हटलं आणि दिराचा घास घशात अडकला.

“वहिनी, जिवंतपणी असलं अभद्र बोलू नये. आपल्या घराण्यात कुणाला जाळलेलं नाही.”

“जाळलंय की भाऊजी. मला, तुमच्या भावाने. जिवंतपणी.”

म्हणे अभद्र! नवऱ्याच्या थडग्यावरच्या दगडावर माझं नाव याच गृहस्थाने आत्तापासूनच कोरून ठेवलंय, जन्मसालासकट. पुढची जागा तेवढी कोरी. त्याने ठरवलं की ती व्यवस्था, मी ठरवलं की अभद्र. नवरा हात उचलायचा. मेल्यावर तरी त्याच्याशेजारी पडायचं नाही, एवढंच माझं मागणं.

शवदाहिनीच्या कचेरीत मी सगळं ठरवून आले होते. फक्त घरातल्या कुणाची तरी कागदावर सही हवी होती, की माझ्यामागे सही करणारा माझं प्रेत शवदाहिनीवाल्यांच्याच हवाली करेल. मेलेल्याला कोण विचारतं!

मी तो कागद पंगतीतल्या लेकीकडे सरकवला.

“आई, बाबा तिथे एकटे पडतील गं,” ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांदेखत मी मार खाल्लाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“लोक आमच्या तोंडात शेण घालतील!” दीर गरजला. “आणि मेल्यावर तुम्ही काय उठून बघणार आहात? आम्ही करू तेच होईल.” त्याने कागदाचे तुकडे केले. जाऊ खाली मान घालून जेवत राहिली. तसंही आम्हा दोघींमधून विस्तव जात नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊ माझ्या शिवणाच्या दुकानात आली. मी मशीन थांबवलं नाही.

“तो कागद दुसरा मिळेल?” तिने विचारलं. “सही मी करते.”

“उपकार करायला आलीस?”

“उपकार कसले? तुमचं तोंडही बघवत नाही मला.” तिने दार लोटून घेतलं. “दोन आणा, जाऊबाई. एक माझ्यासाठी. त्यावर तुम्ही सही करा.”

मी मशीन बंद केलं.

“हा तुमच्या नवऱ्याहून वेगळा असेल असं वाटलं होतं तुम्हाला? भाऊच ते.” तिने डोळे पुसले नाहीत, उलट माझ्यावरच वटारले. “जी मागे राहील तिने दुसरीसाठी भांडायचं. भांडणाचा सराव तर आहेच आपल्याला.”