अकरा जण सुखरूप

डोमाजींनी मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि अंकुरच्या नाकासमोर धरला.

"हा कोन?"

अंकुरने हातातली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात सोडली, बोटं चिंधीला पुसली आणि वाकून पाहिलं. बर्फात ओळीने उभे असलेले अकरा जण. उजवीकडून तिसरा, कानटोपी घातलेला.

"मीच तर हाय, काका."

"आज तू कुठी हायस?"

"इथीच. अकोल्यात, जुन्या शहरात." अंकुर हसायला गेला, पण डोमाजींचा चेहरा पाहून थांबला. त्याने दुखरा पाय लांब करून फळीवर ठेवला. गुडघ्यात अजून तीन सळया होत्या.

"मंग हे वाच."

फोटोखाली मजकूर होता. प्रगती अहवाल क्रमांक एकवीस. आघाडीवरील प्रगती समाधानकारक. नदीपलीकडील साखर कारखाना ताब्यात. आपले अकराही कर्मचारी सुखरूप असून कामावर हजर आहेत. सोबत आजचे छायाचित्र.

"कारखाना अजून घेऊनच राहिले का?" अंकुर म्हणाला. "मी असताना दोनदा घेतला होता. आमी तर त्याच्या जोळ बी नाई गेलो कधी."

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतली अकरा पोरं दीड वर्षापूर्वी बंदरावरच्या गोदामात काम म्हणून त्या थंड देशात गेली होती. तिथे आधीपासून लढाई पेटलेली होती, पण बंदर लढाईपासून दूर आहे असं त्यांना सांगितलं गेलं. महिनाभरात त्यांच्या अंगावर वर्दी चढली. ज्या कागदावर सह्या केल्या होत्या, त्याची भाषा एकालाही वाचता येत नव्हती. अंकुरचा गुडघा फुटला म्हणून तो दोन महिन्यांपूर्वी परत आला. डोमाजींचा मुलगा सुगत तिकडेच होता, आणि पाच आठवड्यांपासून त्याचा फोन लागत नव्हता. सोमवार आला की अहवाल तेवढा यायचा, अमरावतीच्या ज्या ऑफिसने पोरं पाठवली, त्याच्याकडून.

डोमाजी फौजेत सतरा वर्षं कारकून होते. रोज संध्याकाळी साहेब बोलायचे आणि ते टाइप करायचे. 'माघार' हा शब्द त्यांच्या बोटांनी कधी उमटवलाच नाही. त्याच्या जागी 'नवी मांडणी' असायचं. बेपत्ता जवानाच्या घरी जाणाऱ्या पत्रात 'काळजीचे कारण नाही' हे वाक्य साहेबांनी न सांगताही ते घालायचे. त्यामुळे पहिल्या अहवालापासून त्यांना खोटेपणाचा वास येत होता. त्यांची बायको पंचफुला मात्र दर सोमवारी तो त्यांच्याकडून दोनदा वाचून घ्यायची.

"आजचा पेपर आन," डोमाजी म्हणाले. "हातात धर. तारीख दिसली पायजे."

अंकुरने शेजारच्या दुकानातून पेपर आणून छातीशी धरला. डोमाजींनी व्हिडिओ काढला. त्यात अंकुरने आपलं नाव, गाव सांगितलं आणि खाली वाकून गुडघाही दाखवला. मग डोमाजी तडक बसस्टँडवर गेले.

अमरावतीत ऑफिसच्या जिन्यापाशी मनकर्णाबाई उभ्या होत्या. त्या चांदूर बाजारच्या. त्यांचा ललित सुगतच्याच खोलीत राहायचा. सकाळीच डोमाजींनी त्यांना फोन केला होता, आणि घराची किल्ली शेजारणीकडे देऊन त्या आल्या होत्या.

"जयभीम, डोमाजीभाऊ. पोरं सुखरूप हायेत म्हने. मंग भांडाले कायले चाललो आपन?"

"चला वर. समजंल."

ऑफिसात चंद्रभान नावाचा माणूस बसायचा. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. त्याने एसी वाढवला, पाणी मागवलं.

"काका, एवढ्या उन्हात कशाला आलात? अहवाल मिळाला ना?"

डोमाजींनी व्हिडिओ लावून मोबाइल त्याच्या टेबलावर आपटला. अंकुरचा आवाज खोलीत घुमला. चंद्रभानने शेवटपर्यंत पाहिलं.

"फोटो चुकून जुना गेला असेल. वरून जे येतं, ते आम्ही पुढे पाठवतो. आम्ही काय तिकडे जाऊन..."

"अकरा कुठून आनले मंग? एक पोट्टा अकोल्यात पंक्चर काढून राहिला आन तुमच्या कागदावर तो लढून राहिला! म्या सतरा वर्षं असेच कागद टाइप केले. मले नोको शिकवू."

"आवाज खाली, काका."

"नाई होत खाली! पाच हप्ते झाले, माह्या पोराचा आवाज नाई ऐकला म्या. तुह्या एसीत तुले ऐकू नाई येनार."

मनकर्णाबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला.

"जाऊ द्या ना, भाऊ. सायब खोटं कायले सांगतीन? त्याइचा काय फायदा?"

डोमाजी गर्रकन वळले.

"तुमच्यासारख्या लोकाइनंच याइचं फावलं! कोनी काई बी लिवून पाठवावं आन तुमी मान डोलवावी. अक्कल गहान टाकली का?"

मनकर्णाबाईंचा हात खाली आला. त्यांनी पदर सावरला आणि त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"हा व्हिडिओ," डोमाजी चंद्रभानला म्हणाले, "पाच वाजेपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतल्या साऱ्या पेपरवाल्याइकडे जाईन. नाई तर खरा कागद काढ."

चंद्रभानने बराच वेळ पेन फिरवलं. मग तो मनकर्णाबाईंना म्हणाला, "मावशी, बाहेर बसता का जरा? चहा येतोय."

दार लागल्यावर त्याने ड्रॉवरमधून एक कागद काढला. वर परक्या लिपीत ओळी होत्या, खाली हिंदी. दहा नावं. डोमाजींची नजर धावत सुगतच्या नावावर गेली. त्यापुढे 'हजर' लिहिलं होतं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"तुमचा मुलगा ठीक आहे, काका. हे तुम्हालाच दाखवतोय. आता तरी शांत व्हा."

डोमाजींनी बाकीची नावं वाचली. आठांपुढे तोच शब्द. शेवटून दुसरं नाव ललितचं होतं, आणि त्यापुढे वेगळा शब्द. तारीख अठरा दिवसांपूर्वीची.

"हे..."

"तिकडची कागदपत्रं पूर्ण झाली की मावशींना आम्ही सावकाश कळवणार आहोत. एकदम सांगणं बरं नाही. तुम्ही समजूतदार आहात."

"ह्याच्यानंतर तीन अहवाल पाठवले तुमी."

चंद्रभानने ड्रॉवर बंद केला.

"ह्या कागदावर शिक्का मार," डोमाजी म्हणाले. आवाज आता चढलेला नव्हता. "सही कर. आजची तारीख टाक."

"असं देता येत नाही."

"मार म्हनलं ना."

चंद्रभानने शिक्का मारला. सही केली. डोमाजींनी कागद घेतला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ललितचं खरं मानायचं तर सुगतचंही मानावं लागेल, आणि सुगतचं मानायला याच माणसाच्या शिक्क्यावर भरवसा ठेवावा लागेल. त्यांनी कागद दोनदा दुमडून खिशात घातला.

बाहेर बाकावर मनकर्णाबाई चहाचा रिकामा कप हातात धरून बसल्या होत्या. त्या उठल्या. ऑटोत डोमाजी सांगायची वाक्यं जुळवत होते. एकेक वाक्य जुळायचं आणि ते टाइप केल्यासारखं दिसायचं.

स्टँडवर चांदूर बाजारची गाडी लागलेली होती.

"येतो मी," मनकर्णाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "तुमची अकोल्याची तथीकडे लागते."

त्या चढल्या. त्यांच्यामागून डोमाजीही चढले आणि शेजारी बसले. कंडक्टर मशीन घेऊन आला.

"दोन चांदूर बाजार," डोमाजी म्हणाले. "दोनी अर्धी."

तिकिटं निघाली. मनकर्णाबाईंनी ती हातात घेतली आणि पुन्हा पुन्हा पाहिली.

"तुमी काहून येऊन राहिले माह्या गावाले?"

डोमाजींनी खिशाला हात लावला, पण कागद काढला नाही.

"ललित गेला, बाई. अठरा दिस झाले."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मागच्या सीटवर कोणीतरी खिडकीची काच सरकवत होतं, ती अडकत होती. मनकर्णाबाई त्या काचेकडे बघत राहिल्या.

"मागच्या सोमवारी म्या गल्लीत पेढे वाटले," त्या म्हणाल्या. "पोरगा सुखरूप हाय म्हनून."

"बाई, म्या मघाशी तुमाले जे बोललो..."

"त्या सायबाले ठाव व्हतं?"

"व्हतं."

"मले चहा देला त्यानं, तवा बी?"

"व्हय."

गाडी फाटकाच्या बाहेर वळत होती. मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. पदर खोचला, समोरच्या सीटचा दांडा धरला आणि कंडक्टरला म्हणाल्या, "बेल मार, बावा. उतराचं हाय."

"आत्ता तर बसल्या, मावशी. तिकीट काढलं ना तुमी?"

"बेल मार."

डोमाजीही उठले. "बाई, पहिले घरी चला. मी येतो ना संगं."

त्या पायरीपर्यंत पोचल्या होत्या. गाडी थांबली. खाली उतरून त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि डोमाजींना पहिल्यांदा त्यांचा चेहरा नीट दिसला.

"घरी कोन हाय?" त्या म्हणाल्या. "ते ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असते?"