हरलेल्यांची काठवट

मी लाफ्लेर गावच्या सामन्याची काठवट बोलतेय. हल्ली माझा मुक्काम समितीच्या कचेरीत, कपाटाच्या डोक्यावर. माझ्या पोटात रबरबँड आहेत, वाळलेली पेनं आहेत आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नाही अशी एक किल्ली.

वादळात बायूच्या, म्हणजे आमच्याकडच्या संथ दलदली ओढ्याच्या, पाण्यात आडव्या झालेल्या सायप्रसच्या झाडाची मी लेक. ओझेम नावाच्या होड्या बांधणाऱ्या सुतारानं तो बुंधा घरी ओढून नेला. होडी करून उरलेल्या ओंडक्यातून त्यानं मला कोरलं. त्याच वर्षी गावानं नव्या वर्षाच्या दिवशी दोन कॉलेजांचा फुटबॉल सामना भरवला. उसाच्या मळ्यालगतचं मैदान, बसायला फळ्या, आणि बक्षीस म्हणून मी. "रिकामं भांडं कुणाच्या हातात देऊ नये," असं म्हणून ओझेमच्या बायकोनं मला अंजिराच्या मुरांब्यानं भरलं. म्हणून सामन्याचं नाव फिग बोल, अंजिरांचा वाडगा.

रीतही तिनंच घातली. शेवटची शिट्टी वाजली की मी आधी हरलेल्यांकडे जायची. एकेकाला तिच्या हातचा एकेक चमचा. जिंकलेल्यांनी तोवर टोप्या काढून उभं राहायचं, मग मला डोक्यावर घेऊन नाचायचं.

कुणी हसलं तर ती म्हणायची, "जिंकलेल्यांना आज सगळं गाव जेवू घालील. ह्यांचं कोण आहे?"

तिच्यामागं तो चमचा थोरल्या सुनेकडे, व्हर्डीनकडे आला. तिच्या पहिल्याच वर्षी तिचा धाकटा दीर आल्सिद आपल्या कॉलेजकडून खेळत होता. शेवटची लाथ त्याची होती. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला आणि सामना हातचा गेला. आल्सिद मान वर करीना. नवी नवरी गुडघे चिखलात टेकून त्याच्यापुढे बसली.

"भावजी, तोंड उघडा. माझा पहिला चमचा वाया घालवू नका."

तो रडत रडत हसला. माझ्या काठावर त्याची बोटं घट्ट होती. ती पकड मी अजून विसरले नाही.

पुढं सामना वाढत गेला. फळ्यांच्या जागी सिमेंटच्या पायऱ्या आल्या. बँड आले, फुलांच्या गाड्यांची मिरवणूक आली, दरसाल गावातली एक मुलगी अंजीर-राणी होऊन मिरवू लागली. मैदानाबाहेर गंबोची, भेंडी-कोळंबीच्या दाट रश्शाची, पातेली रटरटायची. मग टीव्हीवाले आले. आल्सिद समितीचा अध्यक्ष झाला तेव्हा मला वाटलं, आपलं माणूस आहे, आता काळजी नाही.

तीन वर्षांमागं नाताळाच्या आधी तो व्हर्डीनच्या दारी आला. "वहिनी, काठवटीला तडा गेलाय. बुजवून आणतो." तिनं मला तेल लावलं, स्वच्छ पंच्यात गुंडाळलं आणि त्याच्या हाती दिलं. मला तडा नव्हता. मला ते माहीत होतं, पण लाकडाला ओरडता येत नाही.

सामन्याच्या दिवशी मी, सामन्याला पैसे पुरवणाऱ्या गाद्यांच्या कंपनीच्या तंबूत होते, फुकट वाटायच्या प्लास्टिकच्या चेंडूंनी भरलेली. बाहेर शिट्टी वाजली. कागदाचे तुकडे उडाले, चकाकता धातूचा चषक थेट जिंकलेल्यांकडे गेला. हरलेली मुलं खाली मान घालून पायऱ्यांखालच्या बोगद्यातून निघून गेली.

व्हर्डीन मुरांब्याच्या बरण्या घेऊन कठड्याशी थांबली होती. मला शोधत ती तंबूत आली. मागोमाग आल्सिद.

"वहिनी, टीव्हीला तेवढा वेळ नसतो. हरलेले कोण बघतंय?"

"मग मला खरं का नाही सांगितलंत? तडा कुठाय, दाखवा."

त्यानं मला तिच्यापुढं सरकवलं. म्हणाला, "घेऊन जा ती घरी. तुमचीच आहे."

"माझी नाही ती. तुम्ही नेलीत, तुम्हीच आणून मैदानात ठेवायची. तोवर माझ्या तोंडात अंजीर जायचं नाही."

ती गेली. खरं सांगते, त्या दिवशी मला तिचाही राग आला. मला वाटलं होतं, ती मला उराशी धरून घेऊन जाईल.

आता कळतं. दर डिसेंबरात ती चर्चमधल्या माउलीपुढं नऊ दिवस मेणबत्ती लावते, असं कचेरीतल्या बायका बोलतात. तिच्या परसातलं अंजिराचं झाड जुलैत लगडतं, ती पाटी भरून सगळं शेजारी वाटते. चौऱ्याहत्तरीची बाई, एक फळ तोंडात घालत नाही. रागानं कुणी इतकं थांबत नाही. तिला मी परत नकोय, तिला तिचा दीर परत हवाय.

आल्सिद, तू रोज ह्या कपाटाशी येतोस. न बघता हात वर करतोस आणि माझ्यातला रबरबँड घेतोस. तुझ्या बोटांना माझा काठ लागतो, तेव्हा ती क्षणभर थबकतात. मला कळतं ते. मी फार जड नाही रे. वहिनी अजून आहे तोवर मला खाली घे.