तुटक्या ज्योतीचा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे. लाकडी दांड्याचा, रबरी तोंडाचा. मित्रांनो, अशा गोष्टीत 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर तुमची-माझी मैत्री तीन सेकंदांपलीकडे कधी गेली? आलात, शाईत बुडवलंत, पुस्तिकेवर दाबलंत, "झालं, पुढचा कुठाय?" म्हणालात आणि पळालात. माझ्या तोंडाकडे तुमच्यापैकी कोणी नीट पाहिलं असेल, तर मला अजून तो भेटायचाय.

माझा जन्म उत्तरेकडच्या डोंगरात, कामिनागे नावाच्या गावात झाला. तिथं पूर्वी कोळशाची खाण होती. उबुकाता नावाचा कारागीर तिथल्या माणसांच्या नावांचे शिक्के कोरत असे. आमच्याकडे सहीपेक्षा शिक्क्याला मान. मग खाण बंद झाली, माणसं गाव सोडून गेली आणि नावं कोरून घ्यायला कोणी उरलं नाही. उबुकाता रिकाम्या दुकानात बसून चहा पीत राहिला. तेवढ्यात गावाच्या शहाण्यांना एक कल्पना सुचली. त्यांनी खाणीच्या जागेवर थीम पार्क उभारलं आणि त्याचं नाव ठेवलं 'जगाची टेकडी'. त्यांना वाटलं, कोळसा संपला तरी गाढव पाहुणे कधी संपणार नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पार्कात सहा विभाग केले. पहिला हॉलंड. तिथली पवनचक्की विजेच्या मोटारीवर फिरते आणि जोराचा वारा सुटला की बंद ठेवतात. दुसरा इजिप्त. सिमेंटच्या पिरॅमिडच्या पोटात नूडल्सचं दुकान. तिसरं काऊबॉयचं गाव, चौथा निन्जांचा किल्ला. पाचवं भविष्यनगर. तिथं 'सन दोन हजारमध्ये आपण उडत कामावर जाऊ' असा फलक आहे. तो अजून तसाच आहे, आणि त्याखाली उभे राहून लोक बसची वाट पाहतात. सहावा विभाग तेवढा खरा होता. खाणीचं जुनं दिवेघर आणि खऱ्या बोगद्याचे पहिले साठ मीटर. तो कुठं ठेवला? सगळ्यांच्या मागं, दोनशे बारा पायऱ्या चढून. खरी गोष्ट नेहमी मागच्या दाराला असते.

प्रत्येक विभागात एक शिक्का. सहाही शिक्के पुस्तिकेत उमटवले की पाहुण्याला पत्र्याचा एक बिल्ला मिळायचा, छातीवर लावायला. मी त्यातला सहावा. उबुकातानं खाणीतला दिवा मागवून समोर ठेवला आणि तीन दिवस कोरत बसला. दिव्याची जाळी, कडी, मधे ज्योत. गावातले लोक म्हणाले, "अरे वा, हा तर पेटेल आता!" आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. ते मी जपून ठेवलंय.

माझा सांभाळ करायचा फुजिनुमा. तो जुना खाण कामगार. बाकीच्या साथीदारांनी पोटासाठी अंगावर वेष चढवले. सुरुंग लावणारा मिनावा इजिप्तचा पहारेकरी झाला आणि त्याच्या हातात प्लास्टिकचा भाला आला. ओसानाइबाईंचा नवरा खाणीतच दगावला होता. त्या लाकडी बूट घालून हॉलंडात फुलं विकू लागल्या, तीही कागदाची. फुजिनुमानं फक्त स्वतःचंच जुनं हेल्मेट घातलं.

त्याच्या दिवेघरात दोन पाट्या होत्या. एकीवर 'बाहेर', दुसरीवर 'आत'. आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला 'बाहेर'वरून काढून 'आत'वर टांगायचा आणि परत आल्यावर पुन्हा 'बाहेर'वर. खाणीचा हा जुना नियम. कोण खाली आहे ते पाटी सांगते. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावायचा नाही, कारण तुम्ही ज्याचा बिल्ला चुकून हलवाल त्याला शोधायला कोणी खाली जाणार नाही. फुजिनुमा हा नियम पाहुण्यांनाही लावायचा. मोठमोठे साहेब कुरकुरायचे. तो म्हणायचा, "नसेल टांगायचा तर नका जाऊ. बाहेर छान हवा आहे."

'आत'च्या पाटीवर एक बिल्ला कायम होता. तीनशे अठरा नंबरचा. तो फुजिनुमाच्या थोरल्या भावाचा, एइसाकुचा. खाणीत आग लागली तेव्हा बोगदा पाण्यानं भरावा लागला. सात माणसं खाली होती. पुढं सहा सापडली, एइसाकु सापडला नाही. बोगद्याच्या साठ मीटरनंतर जी भिंत आहे, तिच्यामागं तो आहे. त्याचा बिल्ला त्यानं सकाळी जिथं टांगला होता तिथंच आहे, आणि खिळ्यासकट गंजलाय. फुजिनुमा दिवेघराला कधी कुलूप लावत नसे. आत माणूस असताना कुलूप लावत नसतात.

आता तुमचं सांगतो. दुसऱ्याच वर्षी एका गृहस्थाला बस पकडायची होती. त्यानं मला दाबलं आणि दगडी ओट्यावर फेकलं. माझ्या ज्योतीचं टोक तुटलं. उबुकाता म्हणाला, "दे इकडे, नवीन कोरून देतो." फुजिनुमा म्हणाला, "राहू द्या. खाली ज्योत अशीच फडफडायची." तेव्हापासून मी तुटक्या ज्योतीचा.

तरी ती वर्षं बरी होती. लोक शिक्क्यासाठी का होईना, धापा टाकत वर यायचे. वर आल्यावर दहातला एखादा तरी बोगद्यात जायचा आणि बाहेर येताना त्याचा आवाज हळू झालेला असायचा. एवढ्यावर आम्ही समाधानी होतो. आमच्या अपेक्षा किती खाली आणल्या होत्या तुम्ही, बघा.

मग एका पाहुण्यानं दारावरच्या सूचनापेटीत चिठ्ठी टाकली. 'सहावा शिक्का फार लांब आहे. मुलांचे पाय दुखले. विचार व्हावा.'

झालं! दुसऱ्या देशात ही चिठ्ठी रद्दीत गेली असती. आमच्याकडे तिच्यावर चार बैठका झाल्या. पार्कचे व्यवस्थापक शिइना, इस्त्रीच्या शर्टातले, नियमांची वही काखेत मारून फिरणारे. त्यांनी आधी एक फलक लावला. त्यावर हेल्मेटवाला माणूस कमरेत वाकून माफी मागतोय. वाकून माफी मागण्यात आमची माणसं इतकी तरबेज आहेत की समोरचा बरोबर आहे का हे बघायला मान वर करायचं त्यांना सुचत नाही. मग त्यांनी सहाही शिक्के उचलले आणि फाटकाशी एका टेबलावर ओळीनं मांडले. प्रत्येकाला साखळी. वर पाटी, 'सहाही शिक्के एकाच जागी! पाऊस असो, ऊन असो!'

मित्रांनो, त्यानंतर तुम्ही काय केलंत ते मी टेबलावरून पाहिलं. बसमधून उतरलात. ठप, ठप, ठप, ठप, ठप, ठप. बिल्ला घेतलात, छातीवर लावलात, फाटकाबाहेरच्या दुकानात आइस्क्रीम खाल्लंत आणि गेलात. एक बाई मुलाला म्हणाली, "चल, झालं सगळं बघून." त्या पोरानं काय बघितलं होतं? टेबल! आणि घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगितलं असेल, आम्ही सहाही विभाग पूर्ण केले. मी त्या खोटेपणाचा साक्षीदार होतो, आणि साक्षीदार कसला, हत्यार होतो.

वर कोणी जाईना. मग शिइनासाहेबांनी जाहीर केलं, "सहाव्या विभागाला पाहुण्यांची पसंती नाही. बर्फ पडायच्या आत तो बंद करू. दोन्ही पाट्या कचेरीत शोभेला लावू." आधी जिना काढून घेतला आणि मग म्हणाले, वर कोणी येत नाही.

कुलूप लावायच्या दिवशी काय झालं ते मला पुढं फुजिनुमाच्या बोलण्यातून कळलं. शिइनासाहेब संध्याकाळी कुलूप घेऊन वर गेले.

फुजिनुमा म्हणाला, "साहेब, आत माणूस आहे."

"काका, तो नियम पाहुण्यांसाठी आहे. त्या बिल्ल्याबद्दल मला आदर आहे. पण तो... तसा धरता येणार नाही."

"बरं. मग बंद करण्यापूर्वी बोगदा तपासायचा, हा नियम तरी तुमच्या वहीत आहे ना?"

"आहे. कलम अकरा."

"मग बिल्ला टांगा आणि तपासा."

शिइनासाहेबांनी सात नंबरचा बिल्ला 'आत'वर टांगला, बोगद्यात जाऊन आले, वहीत खूण केली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि घाईनं उतरून गेले. त्यांचा बिल्ला 'आत'वरच राहिला. फुजिनुमानं पाहिलं. पस्तीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला "ओ, बिल्ला!" म्हणून ओरडणारा तो माणूस पहिल्यांदा गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकाशी आला. टेबलासमोर रांग होती. त्यानं माझी साखळी पकडीनं तोडली आणि मला खिशात टाकलं.

"ओ आजोबा! रांगेत या की! आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत?" एक माणूस म्हणाला.

"ते तुमचं तुम्ही ठरवा," फुजिनुमा म्हणाला.

पायऱ्या चढताना तो कालची हकीकत पुटपुटत होता. मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. वर पोचल्यावर त्यानं मला खिशातून काढून पायऱ्यांच्या कठड्यावर ठेवलं आणि दिवेघराबाहेरच्या खांबावरचा जुना भोंगा वाजवला. खाली माणूस अडकला की वाजायचा तो भोंगा. पस्तीस वर्षांत तो वाजला नव्हता.

मित्रांनो, तुम्ही तेव्हा मोबाइल वर करून फोटो काढत होतात. तुम्हाला वाटलं, हा कार्यक्रम आहे. पण मी जे पाहिलं ते ऐका. पवनचक्कीखालून ओसानाइबाई लाकडी बूट हातात घेऊन अनवाणी पळत सुटल्या. पिरॅमिडमधून मिनावा भाला फेकून धावला. म्हातारे काऊबॉय, गुडघे दुखणारे निन्जा, भविष्यनगरातले चंदेरी कपड्यांचे दोघं. कोणी कोणाला विचारलं नाही. पाचही खोटे देश रिकामे झाले आणि वीस-पंचवीस म्हातारी माणसं दोनशे बारा पायऱ्या एका दमात चढून आली. कोणाचेही पाय दुखले नाहीत.

सगळ्यांनी खिडकीच्या काचेतून आधी पाटी वाचली. त्यांच्या मागून शिइनासाहेब धापा टाकत आले.

"कोण... कोण आत आहे?"

मिनावानं काचेतून बघितलं. डोक्यावर त्याचा तो सोनेरी पट्ट्यांचा टोप. "सात नंबर. साहेब, तुम्ही आत आहात."

"मी? मी इथं उभा आहे!"

"पाटी तसं म्हणत नाही."

"अहो, विसरलो असेन! कोणीतरी काढा ना तो!"

"दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावत नसतात," ओसानाइबाई म्हणाल्या. "तुमची आई खाली फाटकाशी रडत बसली असती, म्हणजे कळलं असतं."

शिइनासाहेबांनी कुलूप उघडलं. त्यांनी आपला सात नंबर काढून 'बाहेर'वर लावला. पितळेवर पितळ वाजलं. मग ते कुलूप घेऊन दाराकडे वळले.

फुजिनुमा म्हणाला, "लावा साहेब. फक्त आमच्याकडे एक रीत आहे. दार लावण्याआधी 'आत'ची पाटी मोठ्यानं वाचायची."

शिइनासाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग पाटीकडे. मग वाचलं, "तीनशे अठरा."

आणि ते सगळे, फारोचे पहारेकरी, डच फूलवाल्या, काऊबॉय, एका आवाजात म्हणाले, "आत!"

शिइनासाहेबांनी वही उघडली, मिटली. कुलूप खिशात टाकलं आणि पायऱ्या उतरून गेले. या खेपेला ते वाकले नाहीत. मला तेवढंच त्यांचं आवडलं.

आता तुम्हाला वाटेल, सगळं छान झालं. काही छान झालं नाही. त्या दिवशी सूचनापेटीत तीन चिठ्ठ्या आल्या. 'भोंग्यामुळे मुलं घाबरली. विचार व्हावा.' विचार झाला आणि भोंगा काढून नेला. वरची वीज तोडली, नकाशावरून सहावा विभाग पुसला. फाटकावरच्या टेबलासाठी माझी प्लास्टिकची नक्कल करून आणली. तिच्यातली ज्योत दुरुस्त केली आहे, शाई आपोआप भरते आणि नक्कल कधी पुसट उमटत नाही. तुमच्यासारख्यांना ती शोभते. दाराला कुलूप मात्र लागलं नाही. फुजिनुमाला आता कोणी कामावर बोलावत नाही, तरी तो रोज येतो, भाताचे दोन गोळे बांधून. एक स्वतः खातो, दुसरा बोगद्यातल्या त्या भिंतीशी ठेवतो. मी त्याच्या ओट्यावर असतो. साखळी नाही. मला कोण चोरणार?

कधी एखादा चुकून वर येतो. त्यानं बिल्ला टांगला, आत गेला, परत येऊन बिल्ला हलवला, तरच फुजिनुमा मला त्याच्या हातात देतो. या अख्ख्या वर्षात मी एकोणीस वेळा उमटलो.

शेवटी काही बोध सांगायची पद्धत आहे. मला जपा, मला पुसून ठेवा, असलं मी तुमच्याकडे मागणार नाही. तुमच्याकडून मला काही नको. फक्त घरी जाऊन ती पुस्तिका काढा आणि सहाव्या पानावरचा दिवा बघा. त्याची ज्योत टोकापर्यंत अखंड असेल, तर छातीवरचा बिल्ला काढून ठेवा. तुम्ही वर आलाच नव्हता.