डाव्या पापणीची लांबी

दिवसभर माणसांच्या मिटलेल्या पापण्या बघायच्या आणि त्यांचा एकेक केस मोजायचा, असलं काम कुणी हौसेनं करत नाही. धाकटी पोटासाठी करायची. पडद्यावर फोटो मोठा करायचा, केसाच्या मुळाशी एक ठिपका द्यायचा, टोकाशी दुसरा. लांबी यंत्र सांगतं. फोटोवर नाव नाही, नुसता क्रमांक. संध्याकाळपर्यंत मान अवघडायची आणि कामाचा वीट यायचा.

एका फोटोला मात्र क्रमांकाची गरज नव्हती. पापणीवरचा तो तीळ ती लहानपणापासून बघत आली होती. ताईचा डोळा! कॅन्सरच्या औषधांनी ताईच्या पापण्या झडल्या, परत आल्या त्या विरळ, म्हणून ती पापण्या वाढवणाऱ्या औषधाच्या या अभ्यासात आली होती. एका पापणीला नवं औषध, दुसरीला साधं पाणी. कुठल्या बाटलीत काय, हे कुणालाच ठाऊक नाही. ओळखीचा फोटो निघाला तर तो दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. धाकटीनं तो खुशाल गुंडाळून ठेवला. ताईला परक्याच्या हाती द्यायला तिचं मन होईना.

उजवी पापणी बरी वाढत होती. डावी हटून बसलेली. दर महिन्याला ती मोजताना धाकटी टोकाचा ठिपका जरासा पुढे सरकवायची. टोक अंधूकच तर असतं, कोण बघतंय! ताईला तेवढाच आधार, असं ती स्वतःला सांगायची, जणू आकड्यानं केस वाढतात.

आज अभ्यास चालवणाऱ्या सरांनी निकाल लावला. “या बाईंच्या दोन्ही पापण्या सारख्याच वाढल्यात. म्हणजे औषध लागू नाही. यांचं बंद करा. फरक पडलाय त्यांनाच पुढे देऊ.”

धाकटी खुर्चीतून उठली. “सर, डावी मी वाढवून मोजलीय. ती माझी बहीण आहे.”

सर रागावलेसुद्धा नाहीत, तेही दमलेले होते. “आधी बोलायचं ना, बाई. नात्यातल्या माणसानं मोजलेलं सगळं बाद. आता त्यांना अभ्यासातूनच काढावं लागेल.”

ती घरी पोचली तेव्हा ताई आरशाला नाक लावून उभी होती. आजारपणापासून ताई आरशाकडे फिरकली नव्हती.

“डावीचं काही खरं नाही,” ताई हसत म्हणाली, “पण उजवी बघ गं! नुसतं बघूनही कळतंय. औषध हिलाच असणार. बाटली संपत आलीय, उद्या नवी आणशील?”

धाकटीला रडू फुटलं. ताईला वाटलं, आनंदानंच रडतेय. तिनं बहिणीला जवळ घेतलं.