रिकामी पेनं

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वजन कमी करायचं इंजेक्शन माझ्या औषधांच्या दुकानातून कुणालाही मिळत नाही. सख्ख्या बहिणीलाही मिळालं नाही. धाकटीने आर्जवं केली, रुसून बसली, "तू बहीण आहेस की पोलीस?" म्हणाली. मी म्हटलं, "आधी डॉक्टरांना दाखव. थायरॉइड, स्वादुपिंड, सगळं तपासू दे. ही काय खोकल्याची गोळी आहे?" फणकाऱ्याने निघून गेली. म्हटलं, जाऊ दे, येईल ताळ्यावर.

आज दुपारी तिच्या शेजारणीचा फोन आला. धाकटी स्वयंपाकघरात घामाने निथळत पडली होती, हाका मारल्या तरी ओ देत नव्हती. दुकान नवऱ्याच्या भरवशावर टाकून मी हॉस्पिटलात धावले.

"साखर एकदम खाली गेलीय. ग्लुकोज देतोय तरी परत घसरतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि धाकटीच्या पर्समध्ये सापडलेलं वजन कमी करायच्या इंजेक्शनचं पेन त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "नुसत्या या औषधाने असं होत नाही. आत इन्सुलिन भरलं असावं. पण कुठलं? लवकर उतरणारं की दिवसभर टिकणारं? ते कळलं तर हिला सांभाळणं सोपं जाईल."

लेबल नवं कोरं होतं. मी पेन उजेडात फिरवलं. मागच्या बटणाच्या खाचेत पुसून उरलेलं लाल नेलपॉलिश होतं.

माझी पद्धत गिऱ्हाइकांना पाठ आहे. जुनं पेन परत आणा, मगच नवं मिळेल. परत आलेल्या पेनाच्या बटणावर मी नेलपॉलिशचा फराटा ओढते, म्हणजे रिकामं पेन भरून कुणी विकू नये. लोक हसतात, "बाई, पेनांनाही नटवता का?" ती पेनं नष्ट करायला पोचवण्याचं काम नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. मला मेलीला केवढं कौतुक! आईला फोन करून सांगितलं होतं, जावई दुकानात हात लावतो म्हणून.

व्हरांड्यात जाऊन मी त्याला फोन लावला.

"धाकटीच्या पेनात काय भरलंस?"

"कसलं पेन?"

"थापा मारू नकोस. जीव जातोय तिचा!"

तो हळूच म्हणाला, "लोकांनी परत केलेलं इन्सुलिन. ते दिवसभर चालणारं. मुदत संपलेली होती गं, मला वाटलं त्यात काही दम नसेल."

"आणखी कुणाकुणाला विकलीस?"

"हे बघ, तू कुठे बोलू नकोस. लायसन्स तुझ्या नावावर आहे, लक्षात ठेव."

धाकटी कशी आहे, हे त्याने विचारलंच नाही. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, आणि मी त्याला भोळा समजत होते!

डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी ग्लुकोज वाढवलं, नर्सला पलंगापाशी बसवलं. मग मी औषध निरीक्षकांना फोन केला. कुठलं दुकान, असं त्यांनी विचारलं. मी माझ्याच दुकानाचा पत्ता दिला. आणखी कुणाच्या तरी घरी तसलं पेन फ्रिजमध्ये असेल.

संध्याकाळी धाकटीने डोळे उघडले. माझा हात चाचपडत धरला.

"ताई, रागावू नकोस. मी कुणाला बोलले नाही हं."

"काय बोलली नाहीस?"

"तूच पाठवलंस ते. भावजी म्हणाले, नियमामुळे तिला उघड देता येत नाही, म्हणून माझ्या हाती पाठवते. मला एवढं भरून आलं होतं."

"नाही गं," मी म्हटलं, "मी नाही पाठवलं."

धाकटी माझ्याकडे बघून समजुतीने हसली. तिने नर्सकडे डोळ्यांनी खुणावलं आणि माझा हात दाबला, गुपित सांभाळेन म्हणून.