फटीत अडकलेली चिठ्ठी

मी एक जुनी विनंतीपेटी आहे. वीतभर रुंद, हातभर उंच, वर चिठ्ठी टाकायला एक चीर आणि पुढे कुलपाची कडी. आता मी दौंडला आण्णांच्या ओट्यावर असते आणि माझ्या डोक्यावर बहुतेक वेळा त्यांची टोपी असते. मित्रांनो, ज्या पेटीवर लोक टोपी ठेवतात तिची काय किंमत उरली हे तुम्हीच ओळखा. पण एके काळी माझा थाट वेगळा होता.

पेटी होण्याआधी मी पुणे-दौंड पॅसेंजरच्या डब्यातल्या बाकाची सागवानी फळी होते. तीन माणसांच्या बाकावर पाच जण बसायचे. पाटसला, केडगावला कुणी चढलं की म्हणायचं, "जरा सरका," आणि बसलेली माणसं कुरकुरत का होईना, सरकायची. मग डबा मोडीत निघाला. आण्णा रेल्वेत सुतार होते. साहेबांना विचारून त्यांनी मला घरी आणलं आणि १९९३ साली रेल्वे वसाहतीजवळच्या छोट्या चर्चसाठी माझी पेटी केली. काम हौसेनं केलं, तरी मागची फळी आणि तळ यांच्या सांध्यात एक बारीक फट राहिली. आतनं कुणाला दिसत न्हाई, राहू दे, असं म्हणून आण्णांनी मला पॉलिश मारलं आणि चर्चच्या दाराबाहेर, पायरीच्या वर भिंतीला लावलं.

दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, माझं कुलूप काढायचे. एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि शेवटी "आमेन" म्हणायचं, अशी रीत होती. ज्याची विनंती पुरी होई तो रविवारी उभं राहून साक्ष देई. कुणाला कुरकुंभच्या कंपनीत पर्मनंट व्हायचं असे, कुणाला दहावीचं गणित सुटायला हवं असे. एक सून दर आठवड्याला लिही की सासूचा स्वभाव बदलू दे, आणि सासू लिही की सुनेचा. दोघींच्या चिठ्ठ्या माझ्या पोटात एकमेकींना चिकटून पडलेल्या असत. चिठ्ठी वाचली गेली म्हणजे देवाला पोचली, असं सगळे धरून चालत. मीही फुगून गेले होते. देव म्हणजे ऑफिसातला बाबू आणि मी त्याची खिडकी, असंच मला वाटे.

आण्णा आणि सिंधूबाईंना एकच मुलगी होती, शितल. ती दहा वर्षांची असताना तिच्या हृदयाची झडप बिघडली. त्या वर्षी तिच्या पुण्याच्या दवाखान्याच्या किती फेऱ्या झाल्या, ते पॅसेंजरलाच ठाऊक. आण्णा दर शुक्रवारी चिठ्ठी टाकत. शब्द तेच असत: माझी लेक बरी कर. पाळकसाहेब वाचताना अडखळू लागले, मंडळी हुंदके देऊ लागली. मी मात्र म्हणायची, इतक्या चिठ्ठ्या गेल्या आहेत, आता उत्तर येईलच.

एका गुरुवारी शितलनं हट्ट धरला की चिठ्ठी मीच लिहिणार आणि मीच टाकणार. आण्णांनी तिला एका हातानं उचललं, इतकी ती हलकी झाली होती. तिनं कागदाची आठ घड्या घालून बारीक पुडी केली होती. ती चिरेतून आत पडली आणि घरंगळत थेट त्या फटीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी हात घालून सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. ती तेवढी राहिली. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

पुढच्या बुधवारी शितल गेली.

मातीहून परतताना भागुबाई नावाच्या एक बाई आण्णांना म्हणाल्या, "इस्वासात कुठंतरी कमी पडलं असंल, आण्णा." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना जे शिकवलं होतं तेच त्या बोलल्या. पण आण्णांनी त्या दिवसापासून चर्चची पायरी चढणं सोडलं. आणि मला कळून चुकलं की ती एक चिठ्ठी मी गिळून बसले आहे.

सिंधूबाई मात्र येत राहिल्या. रोज चारच्या सुमाराला माझ्याखालच्या पायरीवर येऊन बसायच्या. हातात चिठ्ठी नसे, ओठ हलत नसत. कधी रडत, कधी शेंगा निवडत. आण्णा ड्युटीवरून येताना फाटकापाशी सायकल धरून उभे राहत आणि त्यांना घेऊन जात. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही.

"अजून काय मागतीस त्याच्याकडं?" त्यांनी फाटकातूनच विचारलं.

"काय बी मागत न्हाई," सिंधूबाई म्हणाल्या. "तुम्ही कामावरनं आलं की आपुन ओट्यावर बसतो, तवा मी तुमच्याकडं काय मागत असती का? तसंच बसती हितं. त्याचंबी लेकरू क्रुसावर गेलं व्हतं. त्याला सांगावं लागत न्हाई."

आण्णांनी सायकल घराकडं वळवली. आत मात्र आले नाहीत. अशी सात वर्षं गेली. मग २००४ च्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि सिंधूबाईही गेल्या. माझ्याखालची पायरी रिकामी झाली. मला ती पायरी बघवत नसे.

पुढच्या वर्षी चर्चला रंग दिला आणि काचेची नवी पेटी आली. माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत झाली. माझ्यावर जाळी चढली, एका कोपऱ्याला वाळवी लागली. शेवटी नव्या पाळकसाहेबांनी आण्णांना निरोप धाडला की तुमचं लाकूड घेऊन जा. आण्णांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं. माझा पाट करायचा त्यांचा बेत होता. ओट्यावर बसून त्यांनी तळाचे स्क्रू काढले आणि ती पुडी त्यांच्या मांडीवर पडली.

वहीचा चौकटीचा कागद बघताच त्यांनी ओळखला. घडी उलगडायचं त्यांना धाडस होईना. "ही वाचलीच न्हाई कुणी," ते पुटपुटले. "माझ्याच हातच्या फटीत ऱ्हायली." मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं, वाळवीनं मला आधीच खाल्लं असतं तर बरं झालं असतं. बापाला वाटत होतं की आपल्या आळसानं लेकीची शेवटची विनंती देवापर्यंत गेली नाही.

खूप वेळानं त्यांनी कागद उघडला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचला, शुक्रवारी वाचतात तसा:

"देवबापा, सगळे तुला मागतच असतात. तू दमला असशील. आज मला काही नको. माझ्या खाटेवर जागा आहे. मी जरा सरकते, तू बस."

आण्णा लहान मुलासारखे रडले. इतकी वर्षं मी जी चिठ्ठी न पोचलेली म्हणून उरात जपली, तिला माझी गरजच नव्हती. ती लिहितानाच पोचली होती.

त्यांनी माझा पाट केला नाही. चिठ्ठी आत ठेवली, तळ पुन्हा बसवला. फट मात्र बुजवली नाही. आता चारच्या सुमाराला ते माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसतात. टोपी काढून माझ्यावर ठेवतात आणि काही बोलत नाहीत. दोघी गेल्या त्या गेल्याच, ते दुःख काही हललेलं नाही. पहिल्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "सिंधू न्हाई आता. मीच आलोय."

मित्रांनो, विनंत्या जरूर करा, लेकरानं बापाकडं मागायचं नाही तर कुणाकडं? पण माझ्यासारख्या पेटीला देवाची खिडकी समजू नका, आणि ज्याचं मागणं पुरं झालं नाही त्याच्या विश्वासाचं माप काढू नका. कधीतरी काहीच न मागता त्याच्याजवळ जा. आण्णा बसतात तसे ओट्याच्या कडेला बसा, आणि बसताना जरा सरका.