सत्र वाढवा

काचेच्या खोलीत एक मशीन बाईच्या आवाजात विचारतंय, "आणखी वेळ हवा आहे का?" तिथे एकच माणूस आहे, आणि तो उत्तर देत नाही.

*

शिंपीणकाकू दोऱ्याचं रीळ उजेडात धरून बघतायत. काळं की हिरवं, दुकानदाराला विचारावं लागतं.

*

लांबच्या कुठल्या तरी शहरात एक अनोळखी माणूस दुसऱ्याचा कोड वाचताना एका ओळीवर अडतो. मग अदबीने एक प्रश्न लिहितो.

*

निवृत्त कॅशियरने मोबाईलचा आवाज घालवून तो खिशात टाकलाय. लोकांना शिकवताना मध्येच वाजला तर बरं दिसत नाही.

*

"घाई नाही. आम्ही थांबू." मशीनवरचं स्टिकर. अक्षरं तळहाताएवढी.

*

ऑफिसात खिडकीजवळ एका मुलीच्या हातातलं सँडविच अर्धंच राहिलंय.

*

ओळीने सांगायचं तर असं. ती मुलगी प्रोग्रामर, आणि कॅशियर म्हणजे तिचे बाबा. ती, बाबा आणि शेजारच्या टेबलावरचा चष्मा (त्याला सगळे चष्माच म्हणत, त्याच्या आईसकट) अशा तिघांनी मिळून हे पैसे काढायचं मशीन उभं केलं होतं. पाया ओपन सोर्सचा, म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्या जगासाठी उघडा ठेवलेला कोड. त्यावर यांनी आपलं चढवलं: मोठी अक्षरं, बोलणारा आवाज, कार्ड आत न घालता नुसतं टेकवायची सोय. ज्यांना कमी दिसतं, ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्यासाठी. मशीनने काय करायचं ते बाबांनी साध्या भाषेत लिहून दिलं, तिने त्याचा कोड केला. उघडा घेतला म्हणून उघडाच ठेवला. कुणीही वाचावा, चूक दाखवावी.

आज सकाळी पहिलं मशीन बँकेच्या शाखेत सुरू झालं. आणि आता कुणीतरी वाचलं होतं.

"छान काम आहे. एक शंका. समोरचा माणूस काही दाबत नसेल तर तुमचं मशीन सत्र संपवत नाही, लांबवत राहतं. कुणी तसाच निघून गेला तर त्याच्या मागचा माणूस थेट त्याच्या खात्यात. हे मुद्दाम केलंय का?"

तिने ते पुन्हा वाचलं. प्रश्न प्रकल्पाच्या पानावर होता, जगाला दिसेल असा. भल्या माणसाने विचारलं तरी. दुसरा कुणी विचारत बसणार नव्हता.

"चष्म्या, हे आपण तपासलं नव्हतं?"

"तपासलं की. बाहेर पडायचं बटण दाबून."

"आणि न दाबता?"

"न दाबता कोण जातं?"

मशीन त्यांनीच बनवलेलं, त्यामुळे बटण न दाबता जाणं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"इथून बंद कर ते."

"इथून कसं? बाहेरून कुणी हात घालायचा नाही, असं तूच ठरवलंस. केवढं भाषण दिलं होतंस."

"चष्म्या."

"बरं, मग तो प्रश्न तरी पानावरून काढतो."

"काढलास तर जे बघत नव्हते तेही बघतील."

*

टॅक्सीतून केलेले फोन:

बाबा. उचलत नाहीत.

शाखा. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा.

बाबा.

आई. "अगं, ते तुझ्या मशीनपाशी असतील. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलेत, जसं काही लग्नच आहे. काय झालं?" "काही नाही." "काही नाही म्हणजे काहीतरी आहे."

बाबा.

बाबा.

*

शेवटी बाबांचाच फोन आला.

"अगं किती फोन ते. आग लागलीय का कुठे?"

"बाबा, मशीनवर कोण आहे?"

"मघाशी शिंपीणकाकू येऊन गेल्या. सगळं एकटीने केलं बघ. इतके दिवस पिन मुलाला सांगावा लागायचा, आज स्वतः दाबला."

"निघताना बटण दाबलं त्यांनी?"

"ते मी कशाला बघू? लोकांच्या व्यवहारात डोकावायचं नसतं. मी पाठ करून उभा होतो."

"आता आत कोण आहे?"

"एक उंच माणूस गेलाय. बराच वेळ झाला त्याला."

"बाबा, काकूंचं सत्र उघडं राहिलंय."

"कसं राहील? मी लिहून दिलंय ना, वाढवा म्हणून."

"मी वाढवलंच आहे."

"मग संपलं."

"संपलं कसं? वाढवलं म्हणतेय ना मी."

"मीही तेच म्हणतोय. वाढवलं म्हणजे संपलं."

टॅक्सी सिग्नलला थांबली होती. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू हा कान नीट ऐकत नव्हता.

"बाबा, वाढवा म्हणजे काय?"

"काय म्हणजे? दुकान वाढवतात तसं. आवरायचं, दार लावून घ्यायचं." मग ते थांबले. "तू काय केलंस?"

"वेळ वाढवला."

*

बाबांनी लिहिलेली ओळ: समोरचा काही दाबत नसेल, तर थोडी वाट बघून सत्र वाढवा.

ती वाचून तिचा ऊर भरून आला होता. आयुष्यभर काउंटरमागून "लवकर आटपा" म्हणणारे बाबा म्हातारपणी किती मऊ झाले, असं तिने चष्म्याला सांगितलंही होतं.

*

"मागची लाल कळ दाबा, बाबा. मशीन बंदच करा."

"ती कळ कपाटात, आणि कपाटाची किल्ली व्यवस्थापकांकडे. ते जेवायला गेलेत."

"मग त्या माणसाला थांबवा."

"काय म्हणून? चोर म्हणू त्याला?"

"काहीही म्हणा."

फोन चालूच राहिला. बाबांच्या चपला, काचेवर टकटक, दार. मग तिचाच रेकॉर्ड केलेला आवाज, गोड, न थकलेला: आणखी वेळ हवा आहे का?

"काका, तुमचं का हे?" माणसाचा आवाज घाबरा होता. "मी हात लावलेला नाही. खिशातून कार्ड काढायच्या आधीच कुणा बाईचं खातं दाखवतंय."

"मग बाहेर यायचं."

"आणि माझ्या मागचा आत येऊ दे? म्हणून उभा राहिलो. सारखं विचारतंय, वेळ हवा का, वेळ हवा का. नकोय मला वेळ. कामावर जायचंय."

"ते खालचं बटण दाबायचंत ना."

"दुसऱ्याच्या खात्यात मी बटण दाबू? उद्या माझ्यावर शेकायचं."

बाबांनी दाबलं असावं. धन्यवाद, पुन्हा या, असं तिचा आवाज म्हणाला.

*

ती पोचली तोवर व्यवस्थापकांनी किल्ली आणून मशीन बंद केलं होतं. नोंदी तपासल्या. काकूंच्या खात्याला कुणी हात लावलेला नव्हता. बाबा बाकावर बसले होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

"काकूंना मी सांगतो," ते म्हणाले. "भाषा माझी होती."

"कोड माझा होता."

दोघंही गेले. शिंपीणकाकूंनी शिवणयंत्र थांबवून, मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं.

"गेलं नाही ना काही?"

"नाही, काकू."

"मग उद्या येऊ परत? का आता पुन्हा मुलालाच सांगायचा माझा नंबर?"

बाबांनी मुलीकडे बघितलं. तिथेच दाराशी उभं राहून तिने त्या अनोळखी माणसाला उत्तर लिहिलं: मुद्दाम नाही. आमच्या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, आम्ही दोघांनी एकेक घेतला. दुरुस्त करतोय. अजून काय दिसलं तर सांगा, प्लीज.

पाठवल्यावर तिला वाटलं, असे आणखी किती शब्द आत असतील.

*

बाबांनी ती ओळ आधी "सत्र बंद करा" अशीच लिहिली होती, पण नव्या कामाच्या पहिल्याच पानावर "बंद" नको म्हणून खोडली.